तंबाखूच्या गावात कॉम्प्युटर

मी चौथीपर्यंत शिकले. पुढे तंबाखूच्या वखारीत कामाला गेले आणि तिथून मुलींच्या हायस्कुलात शिपाईण म्हणून लागले. मी कॉम्प्युटरबद्दल लिहायला बसलेय हे ऐकून घरातली पोरं हसली. हसू देत. आमच्या शाळेत कॉम्प्युटर आला तेव्हा त्या खोलीची किल्ली माझ्या कमरेला होती, आणि हसणाऱ्यांपैकी एकाचाही जन्म झाला नव्हता.

गोष्ट पंच्याऐंशीच्या आसपासची. निपाणीत तेव्हा रंगीत टीव्ही एखाद्या व्यापाऱ्याच्या घरी असेल तर असेल. सरकारनं ठरवलं होतं म्हणे की शाळांतल्या पोरांना कॉम्प्युटर शिकवायचा. आमची शाळा त्यात कशी बसली मला माहीत नाही. आमच्या गणिताच्या बाईंना शिकायला बेळगावला धाडलं होतं. बाई खानापूरकडच्या, वय तिशीच्या आत, चालणं झपाझप. तिकडून त्या एक जाडजूड इंग्रजी पुस्तक घेऊन आल्या आणि मागोमाग एक दिवस जीपमधून खोकी आली. दोन मशीन, दोन छोटे टीव्ही आणि दोन टेपरेकॉर्डर.

शिवणाची खोली रिकामी करून त्यांना दिली. शिवणाच्या बाई महिनाभर कुणाशी धड बोलल्या नाहीत. खिडक्यांना काचा बसवल्या. दारात चपला काढायच्या, आत खडू न्यायचा नाही, असे नियम झाले. हेडमास्तर स्वतः खोलीत आले की हात पाठीमागे बांधून उभे राहायचे.

उद्घाटनाला उंबऱ्यावर नारळ फोडला. हळदीकुंकवाचं ताट घेऊन मी आत गेले, तर बाईंनी मशीनच्या बटणांवर दोन्ही हात आडवे धरले.

"मावशी, इथं नको. टेबलाच्या पायाला लावा."

"पायाला लावलं तर पोचंल का?"

"पोचेल. सगळं जोडलेलंच आहे."

शाळेच्या कमिटीचे चेअरमन म्हणजे तंबाखूचे मोठे व्यापारी. एवढी महागाची वस्तू उघडी ठेवायची नाही म्हणून त्यांनी आपल्या पदरचं कापड देऊन मशीनांना खोळी शिवून आणल्या होत्या. तंबाखूचा माल ज्यात दाबून भरतात त्या बोदाचं ते कापड, तांबूस आणि जाड, धुऊन इस्त्री केलेलं, कडेला लाल गोट. भाषणात ते म्हणाले, "हे कापड दहा वर्षं फाटणार न्हाय." टाळ्या झाल्या. रोज सकाळी खोळी काढायच्या आणि सायंकाळी घालायच्या, हे काम माझ्याकडे आलं.

वखारीत वाढलेल्या बाईला आश्चर्य करत बसायला सवड नसते. पण त्या खोलीत पहिल्या आठवड्यात मी जे पाहिलं त्यानं मी केरसुणी हातात धरून उभी राहिले ती राहिलेच.

बाईंनी टेपरेकॉर्डरमध्ये कॅसेट घातली. गाण्याची असते तसलीच कॅसेट. बटण दाबलं तर आतून असा कर्कश आवाज आला की जणू शंभर रातकिडे एका डब्यात कोंडलेत. मला वाटलं बिघडलं. पोरींनी कानांवर हात ठेवले. बाई मात्र टीव्हीकडं बघत शांत बसल्या. आवाज थांबला आणि काचेवर एक खेळ उभा राहिला. मधोमध फळी आणि तिच्यावर आपटून उडणारा चेंडू. त्या किंचाळण्यात तो चेंडू होता, फळी होती, उडायचं कसं तेही होतं, आणि मशीनला ते सगळं समजलं. आम्ही माणसं ऐकत होतो, आम्हाला काहीच समजलं नव्हतं.

"बाई, ह्यो आवाज म्हंजे त्याची भाषा हाय?" मी विचारलं.

"असंच समजा."

"मग आपल्याकडं कानडी-मराठीचं कशाला एवढं चाललंय? ह्याला तर दोन्ही येत न्हाय."

बाई हसल्या आणि दाराकडं बघून म्हणाल्या, "मावशी, हळू."

दुसरी गोष्ट आकड्यांची. बाई पोरींना मशीनला हुकूम द्यायला शिकवायच्या. प्रत्येक ओळीच्या आधी आकडा लिहायचा. दहा, वीस, तीस असा. एक, दोन, तीन का नाही, असं एका पोरीनं विचारलं. बाई म्हणाल्या, "मधे काही राहून गेलं तर नंतर पंधरा घालून लिहिता येतं. मशीन ते आपोआप जागेवर लावून घेतं." मी खिडक्या पुसत होते. माणूस विसरणार हे धरून आधीच मधे जागा सोडून ठेवणारा कोण असेल, याचा मी किती दिवस विचार केला. मला आयुष्यात एवढी सोय कुणी दिली नव्हती.

आणि बटण दाबलं की अक्षर उमटायचं. शाई नाही, कागद नाही. लाईट गेली की सगळं पुसलं जायचं, आणि निपाणीत लाईट रोज जायची. पोरी हळहळायच्या. पुन्हा लाईट आली की पहिल्यापासून लिहायच्या. मशीनला राग नाही, लोभ नाही. पहिल्यांदा जेवढं मन लावून करायचं, तेवढंच दहाव्यांदाही.

शाळेत सगळे मला मावशी म्हणायचे, पण मी खरी मावशी होते ती एकाच पोरीची. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी आठवीत होती. बहीण वखारीत तंबाखू चाळायची. पोरगी शाळा सुटली की आईचा डबा घेऊन तिकडं जायची आणि काम सुटेपर्यंत तिथल्याच ओट्यावर अभ्यास करायची. दिसायला साधी, बोलायला फटकळ, आमच्याच घरावर गेलेली. कॉम्प्युटरच्या वर्गात निवडलेल्या मुलींत तिचा नंबर लागला तेव्हा बहिणीनं वखारीत गूळ-खोबरं वाटलं. त्या वर्गात वखारीतल्या बायांच्या चार मुली होत्या.

तंबाखूचा हंगाम सुरू झाला आणि मशीन रुसलं. आधी बटणं अडकायला लागली. एक दाबलं की चार अक्षरं एकदम. मग कॅसेटमधलं काही आत जाईना. तो रातकिड्यांचा आवाज यायचा, पण काच कोरीच. बाई मऊ कापडानं पुसायच्या, फुंकर घालायच्या, पुस्तक उलटंसुलटं करायच्या. एका बटणाची टोपी त्यांनी हळूच उचकटली तर खाली तपकिरी भुकटी बसलेली. ती त्यांनी बोटावर घेऊन हेडमास्तरांना दाखवली. तंबाखू.

कमिटीची बैठक झाली. चहा द्यायला मी आत होते. एक मेंबर म्हणाले, "वखारीतल्या पोरी येतात की वर्गात. डोक्यात, कपड्यात घेऊन येतात. दुसरीकडनं कुठनं येणार?"

बाई म्हणाल्या, "सर, निपाणीत तंबाखू सगळ्यांच्याच कपड्यांत आहे."

चेअरमन म्हणाले, "बाई, मशीन सरकारचं हाय. बिघडलं तर उचलून नेतील. मग कुणालाच शिकाय मिळायचं न्हाय. चार पोरी बाहेर राहिल्या तर काय आभाळ कोसळतंय?"

हेडमास्तरांनी मान डोलावली. नंतर मला बोलावून म्हणाले, "मावशी, उद्यापासून कॉम्प्युटरच्या तासाला तुम्ही दारात उभ्या राहा. ज्या मुलीला तंबाखूचा वास येईल तिला आत सोडायचं नाही."

"हुंगून बघू?"

"हुंगून बघा."

हे लेखी नव्हतं, तोंडी होतं. मी दारात उभी राहिले. गंमत अशी की मला तंबाखूचा वासच येत नाही. नऊ वर्षांची असल्यापासून वखारीत होते, नाक तिथंच ठेवून आले. निपाणीत जन्मलेल्या कुणालाच तो फारसा येत नाही. परगावचा माणूस स्टँडवर उतरला की शिंकतो आणि आम्ही त्याच्याकडं बघतो. तेव्हा मी हुंगल्यासारखं करायची आणि जिची आई वखारीत आहे तिला बाजूला काढायची. भाचीची पाळी आली.

"मावशी, हुंग की," ती डोकं पुढं करून म्हणाली. "शिकेकाईनं न्हालीया."

"मला वास येत न्हाय."

"मग सोड आत."

"तुझी आई कुठं जाती ते मला ठाऊक हाय."

"आणि तू कुठनं आलीयास ते?"

मागच्या पोरी खुसखुसल्या. मी तिला दंडाला धरून व्हरांड्यात उभी केली. नोकरी होती, दुसरी कोण देणार होतं?

सायंकाळी बहीण घरी आली. उंबऱ्यातच उभी राहिली, आत येईना.

"आक्का, शाळंत लागल्यापासनं तुझ्या अंगाला अत्तराचा वास सुटलाय व्हय?"

"आत ये, चहा घे."

"नको. माझी भुकटी पडंल तुझ्या घरात."

"मी काय केलं? हेडमास्तरनं सांगितलं."

"त्यानं सांगितलं, केलं कुणी? पोरगी जेवली न्हाय. म्हणती, आई, तू वखार सोड. मी सोडली तर खायाचं काय, ते मशीन?"

ती गेली. आमचं बोलणं बरेच दिवस बंद राहिलं.

बाईंनी मात्र त्या चौघींना सोडलं नाही. व्हरांड्यातल्या फरशीवर त्यांनी खडूनं मशीनची सगळी बटणं काढली, जिथल्या तिथं, खऱ्याच्या मापानं. चौघी तिथं मांडी घालून बसायच्या. बाई खिडकी किलकिली करून आतून सांगायच्या आणि त्या फरशीवर बोटं आपटायच्या. पुसू नका म्हणून मला ताकीद होती, म्हणून मी तेवढी जागा सोडून झाडायची. पहिल्यांदा मला ते वेडेपणाचं वाटलं. मग एक दिवस बघितलं, भाची डोळे मिटून बसलीय आणि बोटं फरशीवर पळताहेत, आणि एकही बोट रेघेवर पडत नाही, सगळी चौकटींच्या मधोमध. मी पायाखालची फरशी बघितली. गार शहाबादी फरशी. तिच्यात वायर नाही, लाईट नाही. आणि पोरगी तिच्यावर लिहीत होती.

तिनं खडूनं फरशीवर चार ओळी लिहिल्या. काचेच्या मधोमध गोल काढ. थोडा मोठा कर. परत वरच्या ओळीवर जा. असं काहीसं होतं, इंग्रजीत. आत बसणाऱ्या एका कंपौंडरच्या मुलीनं खिडकीतून बघून ते आत मशीनवर उतरवलं. एक मशीन तेव्हा अधूनमधून चालायचं. आतून पोरींचा गलका झाला. गोलांत गोल, पाण्यात खडा टाकल्यासारखे, एकामागून एक. मी दारातून बघितले. भाची व्हरांड्यात उभी होती.

"आलं का गं?" तिनं विचारलं.

"आलं."

"कसं दिसतंय?"

"गोल हायत," मी म्हटलं.

"किती?"

"लई."

ती खाली बसली आणि ओळी पुसून टाकल्या. तिच्या डोक्यातून निघालेली वस्तू तिच्यापासून चार पावलांवर चालली होती आणि ती बघायला तिला परवानगी नव्हती.

चौघी बाहेर राहूनही मशीन सुधारलं नाही. उलट महिनाभरात दोन्ही बंद पडली. बाईंनी बेळगावला पत्रावर पत्र धाडलं, तेव्हा तिथून मेकॅनिक आला. कोवळा पोरगा, कानडी बोलणारा, पिशवीत बारीक पाने आणि स्क्रू-ड्रायव्हर. एसटीतून उतरला तो शिंकतच शाळेत आला. हेडमास्तर, बाई आणि मी, आम्ही तिघं खोलीत होतो. मशीन बंद असल्यामुळं आठवडाभर खोळी कुणी काढल्या नव्हत्या.

त्यानं पहिली खोळ वर उचलली आणि तीनदा शिंकला. नाक पुसून त्यानं खोळीकडं बघितलं. मग ती खिडकीपाशी नेली, काच उघडली आणि भिंतीवर एक फटका मारला.

उन्हाच्या तिरिपेत तांबडा ढग उठला. त्यानं दुसरा फटका मारला, तेवढाच ढग पुन्हा. ते कापड वर्षानुवर्षं तंबाखू पोटात घेऊन बसलेलं. एक धुणं आणि एक इस्त्री त्याला काय करणार? मी रोज सकाळी ओढून काढायची, सायंकाळी ओढून घालायची, आणि दोन्ही वेळा चिमूटभर बटणांवर गाळायची. तांबूस कापड, तांबूस भुकटी, आणि नाकं आमची मेलेली. साऱ्या गावात हे कुणाच्या लक्षात आलं नाही आणि परगावच्या पोराला एका शिंकेत कळलं.

"सर, मशीनला गोणी कशाला घातलीय?" त्यानं कानडीत विचारलं. आमच्या तिघांनाही कानडी चांगलं कळत होतं.

शेवटी हेडमास्तर चष्मा काढून पुसायला लागले. "खोळी धुवायला टाका," ते मला म्हणाले.

"किती वेळा धुवायच्या, सर?"

"टाका म्हटलं ना."

"धुतल्यावर परत घालायच्या?"

त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "धुणं चालूच राहू दे," ते म्हणाले.

मग त्या खोळी कायमच्या धुण्यात राहिल्या. चेअरमन कधी आले आणि विचारलं तर हेडमास्तर म्हणायचे, "आजच धुवायला टाकल्यात, साहेब." चेअरमन खूश व्हायचे, शाळेत स्वच्छता आहे म्हणायचे. मशीनांवर आम्ही जुन्या पांढऱ्या धोतराचे तुकडे घालायला लागलो. मेकॅनिकनं दोन दिवस बसून सगळं उघडलं, ब्रशनं झाडलं, टेपरेकॉर्डरच्या आतलं डोकं कापसानं पुसलं. दोन्ही मशीन सुरू झाली.

वखारीच्या मुलींचं काय, याचा विषय कुणी काढला नाही. हुकूम लेखी नव्हता, मग मागं काय घेणार? पुढच्या शनिवारी तासाची घंटा मीच दिली आणि नंतर दारात उभी राहायच्या ऐवजी नळाला पाणी भरायला गेले. चौघी व्हरांड्यात आपल्या खडूच्या चौकटींपाशी बसायला लागल्या होत्या.

"तिथं कशाला बसताय?" मी लांबूनच म्हटलं. "मला फरशी पुसायचीया."

भाचीनं माझ्याकडं बघितलं, मग दाराकडं. चपला काढल्या. बाकीच्या तिघी तिच्या मागोमाग. हेडमास्तर तिकडून चालले होते. त्यांनी आत बघितलं, पाऊल क्षणभर थबकलं, आणि ते तसेच ऑफिसात गेले.

मी बहिणीच्या घरी गेले. वखारीला सुट्टी होती. "चल," मी म्हटलं.

"कुठं?"

"पोरगी आत बसलीय."

बहिणीनं पदर नीट केला, पाय धुतले आणि निघाली.

आम्ही पोचलो तोवर तास संपला होता. बाकीच्या मुली गेलेल्या. बाई आणि भाची दोघीच आत होत्या. बहीण दाराबाहेर थांबली. बाई म्हणाल्या, "या ना, आत या." तरी ती हलेना. मग मी तिला पाठीमागून ढकललं.

भाची मशीनपुढं ताठ बसली होती. तिनं त्याच चार ओळी लिहिल्या, एकदाही खाली न बघता. शेवटचं बटण दाबलं. काचेच्या मधोमध एक ठिपका आला, त्याभोवती गोल, त्याभोवती आणखी एक. काठाला लागला की पुढचा काठाबाहेर जायचा आणि तरी थांबायचं नाव नाही. काच भरली, तरी मशीन काढतच होतं. दिसत नसलेलेही गोल ते काढतंय, असं बाई म्हणाल्या. काचेच्या बाहेर, भिंतीच्या बाहेर, मोठे मोठे होत. मी हे आधी दारातून बघितलं होतं, पण तेव्हा मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मी वखारीच्या दिशेच्या भिंतीकडं बघितलं, जणू ते गोल तिथून पलीकडं जाताना दिसतील.

बहीण वाकून बघत होती. हात मागं बांधलेले, हेडमास्तरांसारखे.

"हे तू केलंस?"

"व्हय."

"हे थांबणार कधी?"

"सांगितल्याबिगर न्हाय थांबत."

"मग सांग की."

"तू सांग," भाची म्हणाली. तिनं कोपऱ्यातलं एक बटण दाखवलं. "हे दाब."

बहिणीनं आपले हात पुढं आणून बघितले. तंबाखूनं काळपट झालेली बोटं, नखांत जन्माचा रंग. तिनं ते पदराला पुसले, पुन्हा बघितले आणि बाईंकडं बघितलं. बाईंनी नुसती मान हलवली. मग तिनं एक बोट, दुधावरची साय काढावी तसं, त्या बटणावर टेकवलं.

गोल जागच्या जागी थांबले.

बहीण सरळ उभी राहिली. काचेकडं नाही, आपल्या बोटाकडंच बघत राहिली.

"परत चालू कर," ती पोरीला म्हणाली.